१८७ पैकी १३७

गेल्या महिन्यात मी माझ्या प्रश्नावलीचा कच्चा खर्डा मावसबहिणीला भरायला दिला. ती नववीत आहे. शहरातल्या एका नामांकित शाळेत जाते. जिथल्या प्रवेशासाठी आईवडील वर्षभर आधीपासून धडपडतात, तशी शाळा. माझ्या पीएच.डी.चा विषय अशाच शाळांतल्या मुलींची झोप आणि ताण हा आहे, त्यामुळे घरातच एक आयतं गिऱ्हाईक मिळालं म्हणून मी खूश होते. पाचव्या प्रश्नापाशी ती अडली. प्रश्न असा होता: 'अभ्यासामुळे आठवड्यातून किती रात्री तुझी झोप अपुरी होते?' खाली चार पर्याय. एकही नाही, एक-दोन, तीन-चार, रोज.

"ताई, झोप होत नाही हे खरंय," ती म्हणाली, "पण अभ्यासामुळेच असं कुठंय? दुसरं कारण असेल तर ते कुठं लिहू?"

मी मोबाइलमध्ये बघत म्हटलं, "जवळचा पर्याय निवड गं." तिनं निमूटपणे 'तीन-चार'वर खूण केली.

दोन दिवसांनी तोच खर्डा गाईडसमोर ठेवला. त्यांनी पानं चाळली आणि एवढंच विचारलं, "कुणाच्या तुलनेत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या माणसाला हे शोभत नाही, मला ठाऊक आहे. पण तुलनेसाठी दुसरा गट घ्यायचा, हे मी ठरवलंच नव्हतं. अशा शाळांतल्या मुलींवर ताण असतो हे मला आधीपासून 'माहीत' होतं, मी स्वतः तशाच शाळेत शिकले. मला फक्त आकडा हवा होता.

मग लिटरेचर रिव्ह्यूच्या निमित्तानं मी मागं मागं जात राहिले आणि १८९२ सालच्या एका आकड्यापाशी येऊन थांबले. आज त्याचीच गोष्ट सांगते. तुमच्यापैकी जे पेटची तयारी करताहेत किंवा सिनॉप्सिस लिहायला बसलेत, त्यांनी हातात पेन्सिल घेऊन वाचा.

मे १८९२ मध्ये सर जेम्स क्रिक्टन-ब्राउन या नावाजलेल्या डॉक्टरांनी लंडनच्या मेडिकल सोसायटीपुढे मुलींच्या शिक्षणावर एक भाषण केलं. हे गृहस्थ मेंदूविकार आणि मनोविकारांतले मोठे तज्ज्ञ, डार्विनशी ज्यांचा पत्रव्यवहार होता असे. त्यांचं म्हणणं असं की मुलींच्या नव्या हायस्कुलांत अभ्यासाचा अतिरेक चाललाय आणि त्यानं मुलींचे मेंदू थकताहेत. पुरावा म्हणून त्यांनी एका हायस्कूलची आकडेवारी दिली. खात्यापित्या घरच्या, चांगलं खाऊनपिऊन असलेल्या, १० ते १७ वर्षांच्या १८७ मुली. त्यांतल्या १३७ जणींनी डोकं दुखतं अशी तक्रार केली. ६५ जणींचं अधूनमधून, ४८ जणींचं वारंवार, २४ जणींचं नेहमीच.

थांबा इथं. वहीचं एक पान घ्या आणि या आकड्याला तुम्ही कोणते प्रश्न विचाराल ते लिहा. पुढं वाचायची घाई करू नका.

मी लिहिलेले सांगते. १८७ पैकी १३७ म्हणजे ७३ टक्के, आकडा भारदस्त आहे. पण त्यातल्या ६५ जणींचं डोकं 'अधूनमधून' दुखतं. तुमचं कधी दुखत नाही? खरी काळजी करावी असा गट २४ जणींचा, म्हणजे १३ टक्के. तोही लहान नाही, पण ७३ आणि १३ यांत केवढा फरक आहे! दुसरं, १० वर्षांची मुलगी आणि १७ वर्षांची मुलगी एकाच डब्यात का? मधल्या सात वर्षांत पाळी सुरू होते, उंची वाढते, डोळ्यांचा नंबर बदलतो. तिसरं, याच वर्गातल्या घरांतले त्यांचे भाऊ कुठं आहेत? त्यांची डोकी दुखत नसत का? चौथं, घरी बसलेल्या बहिणी? पाचवं, याच घरांत पहाटेपासून कोळसा वाहणाऱ्या, जिने घासणाऱ्या १५-१६ वर्षांच्या मोलकरणी? त्यांना कुणी विचारलं?

आता विज्ञानवाल्यांसाठी एक जास्तीचा प्रश्न. त्या काळात युरोप-अमेरिकेतल्या किशोरवयीन मुलींमध्ये क्लोरोसिस नावाचा आजार सर्रास दिसायचा. चेहरा फिकट पडायचा, धाप लागायची, थकवा यायचा, डोकं दुखायचं. आज आपण त्याला मुख्यतः लोहाच्या कमतरतेचा पंडुरोग म्हणू. डॉक्टर लोहाच्या गोळ्या देत आणि पुष्कळ मुली बऱ्या होत. म्हणजे डोकेदुखीचं एक सरळसाधं कारण डॉक्टरांच्या बॅगेतच होतं. शिवाय घट्ट आवळलेला कॉर्सेट होता आणि गॅसच्या दिव्याखाली वाचन होतं. हे सगळे घटक त्या १३७ मध्ये मिसळलेले होते आणि बाटलीवर चिठ्ठी एकच लावली गेली: अभ्यास.

क्रिक्टन-ब्राउन काही मूर्ख नव्हते. त्यांचा प्रश्नच आधी कुणीतरी बांधून ठेवलेला होता. कुणी, ते पाहायला वीस वर्षं मागं आणि समुद्रापलीकडे बॉस्टनला जावं लागतं.

डिसेंबर १८७२ मध्ये बॉस्टनच्या न्यू इंग्लंड विमेन्स क्लबनं डॉ. एडवर्ड क्लार्क यांना व्याख्यानाला बोलावलं. बोलावणाऱ्या बायकाच होत्या, हे ध्यानात ठेवा. क्लार्क हार्वर्डच्या वैद्यकीय शाळेत प्राध्यापक राहिलेले. व्याख्यानातून पुढच्या वर्षी पुस्तक झालं, 'सेक्स इन एज्युकेशन'. त्याची दुसरी आवृत्ती आठवड्याभरातच काढावी लागली. मांडणी थोडक्यात अशी: मुलीच्या शरीरात ठरावीक वर्षांत प्रजननाची यंत्रणा तयार होते, त्याला शक्ती लागते. त्याच वर्षांत मुलांसारखा सलग अभ्यास केला तर शक्ती मेंदूकडे जाते आणि ती यंत्रणा कायमची अर्धवट राहते. म्हणून मुलानं सहा तास अभ्यास केला तर मुलीनं चार, फार तर पाच तास करावा आणि पाळीच्या दिवसांत विश्रांती घ्यावी.

पुढच्या वर्षी, एप्रिल १८७४ मध्ये, लंडनच्या 'फोर्टनाइटली रिव्ह्यू'त हेन्री मॉड्स्ली या मनोविकारतज्ज्ञानं हाच मुद्दा उचलला. त्याला आधार दिला तो शक्तीच्या अक्षय्यतेचा. हेल्महोल्ट्झचा ऊर्जा अक्षय्यतेवरचा निबंध १८४७ चा, त्यामुळे १८७० च्या दशकात हा नियम ताजा आणि रुबाबदार होता. शरीराकडे शक्तीची ठरावीक पुंजी आहे, एकीकडे खर्च केली की दुसरीकडे तूट येणार. ऐकायला किती शास्त्रीय! पण बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षातला विद्यार्थीही विचारेल, सर, ही सिस्टिम बंद आहे का? माणूस जेवतो ना? नियम खरा होता, लागू चुकीच्या ठिकाणी केला होता. अशी उदाहरणं मी जमवते. आमच्या विभागातल्या सेमिनारांतही अधूनमधून सापडतात, नावं सांगत नाही.

क्लार्क यांचा पुरावा म्हणजे सात रुग्ण. मिस ए, मिस बी अशी अक्षरं देऊन सांगितलेल्या सात जणींच्या कहाण्या. गंमत म्हणजे त्यांतली एक नटी होती आणि एक व्यापारी पेढीत हिशेब लिहिणारी. म्हणजे शिक्षणानं बिघडलेल्या तब्येतींच्या यादीत दोघींचं काम शिक्षणाचं नव्हतंच! सर्वांत गाजली ती 'मिस डी'. चौदाव्या वर्षी व्हॅसारला गेली, पाळीच्या दिवसांतही अभ्यास आणि व्यायाम सुरू ठेवला, व्यायामशाळेत चक्कर येऊन पडली, वगैरे. व्हॅसार म्हणजे तेव्हाचं मुलींसाठीचं सर्वांत नावाजलेलं ठिकाण. तिथल्या निवासी डॉक्टर अलीडा एव्हरी यांनी उत्तर दिलं की पाळीच्या पहिल्या दिवसांत व्यायामशाळेत यायला आमच्याकडे मुळात मनाईच आहे. हे उत्तर १८७४ मध्ये ज्युलिया वॉर्ड हाऊ यांनी संपादित केलेल्या प्रतिवादाच्या पुस्तकात आलं. क्लार्क यांचं पुस्तक मात्र छापलं जातच राहिलं. चक्कर येऊन पडलेली मुलगी लोकांच्या डोळ्यांसमोर उभी राहते, नियमावली राहत नाही.

मॉड्स्लीला उत्तर दिलं एलिझाबेथ गॅरेट अँडरसन यांनी, पुढच्याच महिन्यात, त्याच मासिकात. इंग्लंडमध्ये डॉक्टरकीची सनद मिळवलेल्या या पहिल्या ब्रिटिश बाई. त्यांचं एक वाक्य मला फार आवडतं. उद्धृत करत नाही, मतलब सांगते. घरातल्या मोलकरणी महिन्याचे तीसही दिवस राबतात, त्यांच्या पाळीची चिंता कुणा डॉक्टरनं केलेली आठवत नाही. मग ही चिंता बीजगणिताच्या वेळीच का उगवते? दुसरा मुद्दा त्याहून महत्त्वाचा. शाळा संपल्यावर घरी बसवलेल्या, करायला काहीच नसलेल्या मुली किती आजारी पडतात, हे डॉक्टर म्हणून त्या पाहत होत्या. म्हणजे तुलनेचा गट त्यांच्या डोळ्यांसमोर होता. आकडे मात्र त्यांच्याकडेही नव्हते.

आता त्या शाळांत डोकावू या, कारण आत्तापर्यंत डॉक्टरच बोलले, मुली दिसल्याच नाहीत.

लंडनची नॉर्थ लंडन कॉलेजिएट शाळा १८५० ची, फ्रान्सेस मेरी बस यांनी काढलेली. चेल्टनहॅम लेडीज कॉलेज तीन-चार वर्षांनी नंतरचं, तिथं १८५८ पासून डोरोथिया बील मुख्याध्यापिका. चेल्टनहॅमला प्रवेश घरंदाज लोकांच्या मुलींनाच. दुकानदाराची मुलगी चालत नसे. या दोन बायकांनी इंग्लंडमधल्या मुलींच्या शिक्षणाचा नकाशा बदलला, यात वाद नाही. पण त्यांच्या विद्यार्थिनींच्या बाकावर बसून बघा.

१८६३ च्या हिवाळ्यात एमिली डेव्हिस यांनी खटपट करून केंब्रिजची 'लोकल' परीक्षा मुलींना प्रयोग म्हणून द्यायची परवानगी मिळवली. मुलगे ती १८५८ पासून देत होते. मुली जमवायला सहा आठवडे मिळाले. ८३ मुली बसल्या आणि त्यांतल्या बऱ्याच जणी अंकगणितात आपटल्या, बसबाईंच्या शाळेतल्याही. बसबाईंनी गणिताचं शिकवणंच बदलून टाकलं आणि पुढं त्यांच्या मुली चमकल्या. १८६५ मध्ये परीक्षा मुलींना रीतसर खुली झाली. इतिहासाच्या पुस्तकात हे यशाचं प्रकरण आहे आणि ते खरंही आहे. पण सहा आठवड्यांत परीक्षेला उभी केलेली सोळा वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर आणा. तिचा भाऊ नापास झाला तर तो एकटा नापास होतो. ही नापास झाली तर 'मुली' नापास होतात, दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात, सगळ्या देशासमोर. एवढं ओझं घेऊन तिनं त्रैराशिक सोडवायचं.

दुसऱ्या बाजूनं समाजाचं ओझं होतंच. मॉली ह्यूज या लेखिका १८८० च्या दशकात बसबाईंच्या शाळेत होत्या. त्यांनी पुढं आठवणी लिहिल्या, त्यात प्रवेशाचा प्रसंग आहे: प्रवेशपरीक्षेत काज करून दाखवावं लागे. काज म्हणजे आपलं बटणाचंच. काज येत नसेल त्या मुलीला प्रवेश नाही. लॅटिन शिकणारी मुलगी बाईपणातही कमी नाही, हे दारातच सिद्ध करायचं. आत गेल्यावर नियमांचं जंगल, आणि नियम मोडला की त्याची लेखी नोंद. चेल्टनहॅमला तर वर्गात एकमेकींशी न बोलण्याचा नियम होता. आणि बीलबाईंनी चौकशी आयोगापुढं कबूलच केलं की सुरुवातीला युक्लिडची भूमिती शिकवायला घेतली असती तर पालकांनी मुली काढून घेतल्या असत्या आणि कॉलेज बुडालं असतं. म्हणून त्या थांबल्या. हुशार मुलीला भूमिती द्यायची नाही कारण आईवडील घाबरतील, आणि द्यायची तर तिनं एकदाही चुकायचं नाही कारण डॉक्टर टपलेत.

माझ्या मते सगळ्या वादाचं मर्म इथंच आहे. ताण होता. पण तो बोलून दाखवायला त्या मुलींना जागाच उरली नव्हती. मुलगी म्हणाली 'माझं डोकं दुखतंय', तर क्लार्क-मॉड्स्लींच्या बाजूला एक रुग्ण वाढला. त्यामुळे तिच्या बाजूनं लढणाऱ्यांचा सगळा जोर 'आमच्या मुली ठणठणीत आहेत' हे दाखवण्यावर गेला. दोन्ही शाळा मुख्यतः सकाळच्या भरत, बसबाईंनी शाळेत व्यायाम आणला, डॉक्टरबाईंकडून मुलींची तपासणी सुरू केली. हे सगळं चांगलंच होतं. पण वाचताना मला त्यात वकिलाची सावधगिरीही दिसते, उद्या कोणी विचारलं तर दाखवायला कागद हवा, तशी. हा माझा तर्क आहे. तुम्हाला तो पटायलाच हवा असं नाही.

त्या कागदांनी विज्ञानाचं मात्र भलं केलं. अनेकदा विरोधकच आपल्याला चांगली पद्धत शिकवतो, तसं झालं.

हार्वर्डनं बॉयल्स्टन पारितोषिकासाठी विषय ठेवला: पाळीच्या काळात स्त्रियांना शारीरिक आणि मानसिक विश्रांतीची गरज असते का, आणि किती? निबंध निनावी पाठवायचे. १८७६ चं पारितोषिक ज्या निबंधाला मिळालं तो मेरी पटनम जेकोबी या डॉक्टरबाईंचा निघाला. त्याच हार्वर्डच्या वैद्यकीय शाळेनं विद्यार्थिनी घ्यायला १९४५ साल उजाडलं, पण ते असो. जेकोबी यांनी हजार प्रश्नावल्या वाटल्या, २६८ भरून आल्या. त्याखेरीज काही जणींची नाडी स्फिग्मोग्राफवर, म्हणजे ठोके कागदावर उमटवणाऱ्या यंत्रावर, महिनाभर नोंदवली. तापमान, स्नायूंची ताकद, लघवीतला युरिया मोजला. निष्कर्ष असा की निरोगी बाईला नेहमीचं काम थांबवायची गरज असल्याचा पुरावा मिळत नाही. सुमारे एक तृतीयांश जणींनी तर काहीच त्रास होत नाही असं कळवलं होतं. तुम्ही चाणाक्ष असाल तर आत्ता म्हणाल, हजारातल्या २६८, म्हणजे २७ टक्के प्रतिसाद. उरलेल्या ७३२ कुठं गेल्या? बरोबर. ज्यांना खूप त्रास होता त्यांनी उत्तरं पाठवली की ज्यांना नव्हता त्यांनी, हे सांगता येत नाही. पण सात कहाण्यांपासून इथपर्यंत तीन वर्षांत आलो, हेही बघा.

या जेकोबीबाईंशी आपलं एक नातं आहे. त्यांनी एम.डी. केलं १८६४ मध्ये, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून. बावीस वर्षांनी, १८८६ मध्ये, त्याच महाविद्यालयातून एम.डी. झाल्या आनंदीबाई जोशी. आणि पुढच्याच वर्षी, बाविसावं वर्ष पुरं व्हायच्या आत, क्षयानं गेल्या. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, दहा दिवसांत मूल गेलेलं, परदेशातली थंडी, खाण्याचे हाल, वर वैद्यकीचा अभ्यास. आता या आयुष्यातून 'अभ्यास' हे एकच कारण वेगळं काढून दाखवा पाहू.

पुन्हा इंग्लंडला. माझ्या दृष्टीनं या कथेची नायिका एलेनॉर सिजविक. गणिती बाई, त्यांनी मेहुणे लॉर्ड रॅली यांच्याबरोबर विद्युतमापनाच्या प्रयोगांत काम केलेलं. १८९० मध्ये त्यांनी केंब्रिज-ऑक्सफर्डच्या विद्यार्थिनींच्या तब्येतीची आकडेवारी छापली. पाचशेहून अधिक विद्यार्थिनी, आणि तुलनेला कोण घेतलं? त्यांच्या बहिणी. वयानं सर्वांत जवळची, कॉलेजला न गेलेली बहीण; बहीण नसेल तर चुलत-मावसबहीण. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीतून उठले. तेच घर, तेच ताट, तेच आईवडील, जवळपास तोच रक्ताचा वारसा. फरक एवढाच की एक शिकायला गेली, दुसरी राहिली. आजही तुम्हाला पैसे न घालता इतका चांगला तुलनागट मिळणार नाही. शिवाय मुळात धडधाकट मुलीच कॉलेजला पाठवल्या गेल्या असतील, ही शंका ओळखून त्यांनी कॉलेजच्या आधीच्या, लहानपणच्या तब्येतीचीही चौकशी केली. उत्तर आलं: विद्यार्थिनींची तब्येत बहिणींपेक्षा थोडी बरीच होती. आजारी मुली दोन्हीकडे होत्या.

आणि या अहवालानंतर दोन वर्षांनी क्रिक्टन-ब्राउन उभे राहून १८७ पैकी १३७ सांगतात! बहिणी नाहीत, भाऊ नाहीत, काही नाही. चांगली पद्धत छापून तयार होती, शहरातच होती. तरी आकडा चालला. संशोधनात नवीन येणाऱ्या माणसाला वाटतं की चांगला पुरावा आला की वाईट पुरावा आपोआप मागं पडतो. तसं होत नाही बरं का.

सिजविकबाईंचा अहवाल मी डोक्यावर घेते, पण त्यातही एक भोक आहे आणि ते माझ्या कामाच्या आड येतं. त्यांचा मापदंड 'आजारी की निरोगी' असा. 'आजारी नाही पण रोज रात्री उशीत तोंड खुपसून रडते' हा रकाना तिथं नाही. असणार कसा? त्यांना आरोपाचं उत्तर द्यायचं होतं आणि आरोप आजाराचा होता.

आता पुण्याकडे वळते, कारण त्याच दशकात इथंही हाच प्रश्न पेटला होता आणि त्यातून मला माझ्या प्रश्नावलीतली चूक नीट दिसली. १८८४ मध्ये न्यायमूर्ती रानडे, वामन आबाजी मोडक, भांडारकर वगैरे मंडळींच्या पुढाकारानं पुण्यात मुलींचं हायस्कूल निघालं. तेच आपलं हुजूरपागा. इंग्रजी, गणित, पूर्ण दिवसाची शाळा. १८८७ मध्ये 'मराठा' पत्रातून टिळकपक्षानं या अभ्यासक्रमावर झोड उठवली. इंग्रजी शिक्षणाचा भर कमी करा, मुलींना संसाराला उपयोगी पडेल ते शिकवा, आणि शाळा दिवसातून तीनच तास ठेवा. तीन तासच का? म्हणजे उरलेला दिवस मुलीला घरकाम करता येईल. आगरकरांचं मत नेमकं उलट होतं, मुलामुलींना शिक्षण एकच द्या आणि तेही एकत्र द्या. पण तो वाद निराळा.

बॉस्टन आणि पुणे शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे शिफारस तीच: मुलींच्या अभ्यासाचे तास कमी करा. बॉस्टनला कारण दिलं शरीराचं, शास्त्राच्या भाषेत. पुण्याला कारण उघड सांगितलं, घरचं काम कोण करणार? मला तर पुणेकरांचा हा स्पष्टपणा एका अर्थी उपयोगी वाटतो. कारण मुलीच्या दिवसात अभ्यासाच्या जोडीला दुसरं एक पूर्णवेळ काम आहे, हे त्यांनी हिशेबात तरी धरलं. क्लार्कच्या तक्त्यात ते काम दिसतच नाही. तिथं मुलगी थकली की बीजगणितानंच थकली. रमाबाई रानड्यांच्या आठवणी वाचलेल्यांना हे सांगायला नको. अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या त्या मुलीला अक्षरं गिरवण्याचा त्रास झाला नाही, ती इंग्रजी शिकते म्हणून घरातल्या बायकांनी धरलेल्या अबोल्याचा आणि टोमण्यांचा झाला. तिला माझा पाचवा प्रश्न दिला असता तर तिनं कुठल्या पर्यायावर खूण केली असती?

'अभ्यासामुळे तुझी झोप किती रात्री अपुरी होते?' यात उत्तर प्रश्नाच्या पहिल्याच शब्दात आहे. मी क्रिक्टन-ब्राउन यांना हसत होते आणि माझा खर्डा त्यांच्याच हायस्कूलमधून आलेला होता.

मग मी खर्डा मोडला. 'अभ्यासामुळे' हा शब्द सगळ्या प्रश्नांतून काढला. आधी फक्त झोप आणि दिवसाचे तास विचारायचे, कारणं शेवटी, तीही मोकळ्या जागेत तिच्या शब्दांत. तुलनेला त्याच घरांतले भाऊ आणि चुलत-मावसभावंडं घ्यायची असं ठरवलंय, सिजविकबाईंना स्मरून. नमुना त्यामुळे लहान होणार, गाईडनी तोंड वाकडं केलं, पण हो म्हणाले. एथिक्स समितीत एका सदस्यांनी विचारलं की अशा शाळांनी बदनामीच्या भीतीनं परवानगीच दिली नाही तर? रास्त प्रश्न आहे. शाळेला वाटणार की ताण सापडला तर आमच्यावर शेकणार, पालकांना वाटणार आमच्यावर. आणि मुलीला वाटणार की खरं सांगितलं तर क्लास बंद होईल, किंवा मोबाइल जाईल, किंवा 'झेपत नसेल तर राहू दे' असं कोणीतरी म्हणेल. हे शेवटचं वाक्य मी दहावीत ऐकलंय. त्यानंतर बारावी होईपर्यंत माझं डोकं दुखतं हे मी घरात कोणाला सांगितलं नाही. चष्मा लागलाय हे कळायलाही दोन वर्षं गेली.

म्हणून नव्या प्रश्नावलीवर नाव नाही, शाळेचं नाव नाही, भरलेला कागद मुलीनं स्वतः पाकिटात घालून चिकटवायचा. एवढं पुरेल की नाही ते फील्डवर्कमध्ये कळेल.

परवा मावसबहीण पुन्हा आली होती. तिला नवा कागद दिला. पहिला प्रश्न आता असा आहे: 'काल संध्याकाळी घरी आल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंस, वेळेसकट लिही.' तिनं बराच वेळ घेऊन लिहिलं. साडेसातला क्लासहून परत. आठला भाकऱ्या, कारण आई उशिरा येते. नऊला आजीला गोळ्या आणि पाय चेपणं. साडेनऊ ते साडेदहा मैत्रिणींच्या ग्रुपवर, कारण उत्तर दिलं नाही तर दुसऱ्या दिवशी डब्याला कोणी बरोबर घेत नाही. साडेदहा ते साडेबारा भूगोल. त्याच्या खाली तिनं कंसात लिहिलं होतं: 'दादा दहाला झोपला.'